खोट गाडीतच

शेजारच्या गॅरेजवाल्याला आमच्या ओळीत सगळे पक्कड म्हणतात. गाडीची एखादी तक्रार त्याच्या दातांत सापडली की ती निकालात निघेपर्यंत हा माणूस धड जेवत नाही, धड बोलत नाही आणि शेजाऱ्यांना सुखाने बसू देत नाही. माझं सीटकव्हरचं दुकान त्याला अगदी लागून. मधली भिंत एका विटेची. त्याने तिकडे हातोडी मारली की इकडे माझ्या मशीनवरची रिळं नाचतात. वीस वर्षं मी त्याच्या नावाने बोटं मोडत आले आहे, आणि माझ्याइतकं त्याला ओळखणारं आता दुसरं कुणी उरलेलंही नाही. म्हणून मीच सांगते.

बाकीचे मिस्त्री गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की आधी गिऱ्हाइकालाच नापास करतात. तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता, तुम्हाला भास होतात, आधी चार गाड्या चालवा मग सांगायला या. पक्कडने असं कधी कुणाला म्हटलं नाही. एक म्हातारे गृहस्थ वर्षभर सांगत फिरत होते की गाडी वळवली की तिच्या पोटात टकटक होतं. चार गॅरेजांनी त्यांना वेड्यात काढलं. पक्कड त्यांच्या मागच्या सीटवर दोन दिवस नुसता बसून हिंडला. तिसऱ्या दिवशी त्याने मागच्या दाराचा पत्रा उघडला आणि आतून एक काचेची गोटी काढून त्यांच्या हातावर ठेवली. नातवाची होती. म्हातारे रडायचेच बाकी राहिले. पक्कडचं म्हणणं एकच असायचं, "खोट गाडीत असते, माणसात नसते. माणूस सांगतोय ना, मग असणारच."

हे वाक्य त्याचं नव्हतं. त्याच्या ताईचं होतं.

आईवडील एकाच वर्षात गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि हा सात. सायकल शिकताना हा सारखा डाव्या अंगाला पडायचा. पोरं फिदीफिदी हसायची आणि हा गुडघे सोलून रडत घरी यायचा. ताईने एकदाही 'नीट चालव' म्हटलं नाही. "तुझ्यात खोट नाही रे बाळ, सायकलीत असेल," म्हणाली आणि तिने सायकल उलटी करून चाक फिरवून पाहिलं. खरंच पुढचा चिमटा वाकलेला निघाला. तिने तो पायाखाली धरून हाताने सरळ केला, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं सरळ गेलं. जगातलं कुठलंही दुःख पान्याने सुटतं अशी त्याची समजूत झाली ती तेव्हापासून.

ताईने त्याला खडीच्या खाणीवर डंपर चालवून वाढवलं. तेव्हाचे डंपर, वळवायचे म्हणजे रेड्याची शिंगं धरल्यासारखं काम. तिचे दंड असे झाले की खाणीवरचे गडी तिच्याशी अदबीने बोलायचे. आमच्या ओळीत कुणाच्या बरणीचं झाकण अडकलं की बरणी तिच्याकडे जायची. ती बोलता बोलता, बरणीकडे न बघता, झाकण काढून द्यायची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण मीसुद्धा तिला ताईच म्हणायचे. लग्न दोघांनीही केलं नाही. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "एक सांभाळतेय तेवढा पुरे झाला." आणि हा म्हणायचा, "मला सांभाळणारी आहे."

खाण बंद पडली तेव्हा पक्कडने ताईसाठी बग्गी बांधली. गावामागच्या उंच माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांची देखभाल करणाऱ्या लोकांना अवजारांसकट वर न्यायला गाडी हवी होती, आणि वर रस्ता नावाची गोष्ट नव्हती. नुसते धोंडे. पक्कडने लोखंडी नळ्या वाकवून सांगाडा केला, भंगारातल्या छोट्या मोटारीचं इंजिन मागे बसवलं, हे रुंद टायर लावले. दारं नाहीत, काच नाही. सीटा मी शिवल्या. धोंड्यांवरून ती अशी टुणटुण उड्या मारत जायची की पहिल्याच दिवशी तिचं नाव नाकतोडा पडलं. ताई रोज सकाळी चार जणांना घेऊन वर जायची आणि दुपार कलताना खाली आणायची. आठ वर्षांत तिने कुणाला साधं खरचटू दिलं नाही. शिकायला आलेल्याला तिचा पहिला धडा ठरलेला होता: "अंगठे बाहेर." चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग उलटा हिसका देतं, अंगठा आत गुंतलेला असेल तर मोडतो. ती स्वतः स्टिअरिंग धरायची ते नेहमी तळव्याने, अंगठे वर उभे ठेवून.

मग एके दिवशी खाली येऊन ती म्हणाली, "बाळ, स्टिअरिंग जड झालंय रे."

झालं. पक्कड कामाला लागला.

आधी त्याने टायरची हवा पाहिली. एकात थोडी कमी निघाली. भरली. आठवड्याने ताई पुन्हा म्हणाली, जडच लागतंय. त्याने सगळे सांधे खोलून ग्रीस भरलं. मग एक बॉल जॉइंट बदलला, तो खरोखरच थोडा घासलेला होता. मग चाकांची अलाइनमेंट. मग स्टिअरिंगची आख्खी रॅक उतरवून धुऊन पुन्हा चढवली. जुन्या गाडीत शोधायला गेलं की काही ना काही सापडतंच, हेच त्याच्या आडवं आलं. दरवेळी तो काहीतरी सुधारायचा आणि दरवेळी ताई म्हणायची, "आता बरंय." आठ दिवस बरं असायचं. मग पुन्हा तेच. प्रत्येक तक्रार आणि तिच्यावर केलेलं काम तो तारखेसकट आमच्या मधल्या भिंतीवर खडूने लिहायचा. ती त्याची सवयच होती.

तो स्वतः चालवून बघायचा तेव्हा त्याला काहीच जड लागायचं नाही. मी विचारलं, "अरे, तुला हलकं लागतंय आणि तिला जड, हे कसं?"

"माझा हात जनावराचा आहे वहिनी," तो म्हणाला. "चालवणारी ती आहे. तिला कळतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. पण त्याला एकट्याला काय बोल लावू? त्याच महिन्यात ताई माझ्याकडे तीन शर्ट घेऊन आली होती. "काजं घट्ट झालीत गं, बटणं जात नाहीत. टिचबटणं लावून दे." मी लावून दिली. वर हसले, "आता काय झबली घालणार का?" तीही हसली. मी कुणाची तरी बरणी तिच्याकडे दिली तर ती तशीच परत आली. "झाकणच आटलंय," म्हणाली. चहाचा पेला ती दोन्ही हातांनी धरायला लागली, तर मला वाटलं हवा गार आहे. मी चामड्याचा आणि रेक्झिनचा धंदा करते. डोळ्यांवर कातडं ओढायला मला कुठे बाहेर जावं लागलं नाही.

शेवटी पक्कडने ठरवलं की नाकतोड्याला पॉवर स्टिअरिंग लावायचं.

बग्गीला ते लावणं म्हणजे बैलाला चष्मा, असं आमच्या ओळीतला टायरवाला म्हणाला. जागा नाही, सांगाडा उघडा, धूळ-चिखल सगळा अंगावर. पक्कडने भंगारवाल्याकडून एका छोट्या मोटारीचा स्टिअरिंगचा दांडा आणला. दांड्याच्या मध्यावर बचकेएवढी विजेची मोटर बसवलेली होती. आपण चाक फिरवायला लागलो की मोटरला ते कळतं आणि ती त्याच बाजूला स्वतःचा जोर लावते. आपण थोडं करायचं, बाकीचं तिने. त्याने जुना दांडा कापला, नवा मधे घेऊन दोन्ही टोकांना सांधे जोडले. वेल्डिंग केलं ते तीनदा. दोनदा स्वतःच कापून टाकलं, कारण दांडा केसभर वाकडा वाटला. "हा तुटला तर ती दरीत जाईल," एवढंच म्हणाला. मोटर वीज फार खाते, म्हणून मोठा अल्टरनेटर बसवला. बॅटरीपासून बोटाएवढी जाड तार आणली. मोटरच्या डोक्याला, म्हणजे कंट्रोलच्या डब्याला, पाणी लागू नये म्हणून मी रबराच्या अस्तराची पिशवी शिवून दिली. या सगळ्यात तीन आठवडे गेले. तेवढे दिवस ताई दुसऱ्या कुणाच्या तरी खटाऱ्यातून पवनचक्कीवाल्यांना वर नेत होती आणि रोज येऊन विचारत होती, "झालं का रे?" इतकी घाई तिने आयुष्यात कशाची केली नव्हती.

डब्याला त्याने एक नॉब जोडला होता. भोवती पांढऱ्या रंगाने एक ते दहा आकडे काढले. आकडा जितका मोठा, तितकं स्टिअरिंग हलकं. आधी त्याने स्प्रिंगचा काटा, मालाची पोती टांगून तोलतात तसला, चाकाच्या कडेला अडकवून ओढून पाहिला. जुनं स्टिअरिंग उभ्या गाडीत फिरवायला बारा किलोंची ओढ लागायची. नॉब चारवर ठेवला तर चारच किलो. दोन्ही आकडे भिंतीवर लिहिले.

ताई बसली. तिने हात ठेवला आणि चाक फिरलं. एका हाताने, उभ्या गाडीत. तिने ते डावीकडे पूर्ण नेलं, उजवीकडे पूर्ण नेलं, पुन्हा डावीकडे नेलं. मग तिने तोंड फिरवलं आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. पक्कडला आभाळ ठेंगणं झालं. मला म्हणाला, "बघितलंत? रडली. डंपर चालवला तेव्हा रडली नव्हती." मीही टाळ्या वाजवल्या. आनंदाने रडतेय असं आम्हा दोघांना वाटलं. त्या रडण्यात किती भीती होती आणि ती किती दिवसांची साठलेली होती, हे तिने फार उशिरा सांगितलं.

पुढचे चार महिने नाकतोडा वाऱ्यावर स्वार होता. ताई वरून येताना गाणं म्हणत यायची, आवाज बेसूर असला तरी. मग पाचव्या महिन्यात ती म्हणाली, "बाळ, जरा जड झालंय."

त्याने नॉब पाचवर केला. मग सहावर. सातवर गेला तेव्हा त्याने मोटर उतरवून खोलली, आतली धूळ फुंकली, पुन्हा बसवली. बॅटरी बदलली. तारेचं टोक सैल असेल म्हणून ते कापून नवं केलं. आठ. भिंतीवर तारखा वाढत गेल्या. नऊ. त्याला वाटायचं मोटर थकतेय. भंगारातून आणलेली, कुणी किती पिळून काढलेली असेल कुणास ठाऊक. तो दुसरी मोटर शोधायला लागला होता.

दहावर आकडे संपले, त्याच्या पुढच्या आठवड्यातली ही गोष्ट. स्टिअरिंगच्या चामड्याची शिवण उसवली होती म्हणून मी सुई-दोरा घेऊन बग्गीत बसले होते. ताई शेजारी उभी होती. "आजही जडच होतं रे," ती हळूच म्हणाली. अलीकडे ती हे अपराध्यासारखं सांगायची.

पक्कडने मला उतरायला सांगितलं. इंजिन चालू केलं, काटा आणला, चाकाच्या कडेला अडकवला आणि ओढला. सुई एकावर थांबली. त्याने काटा झटकला, पुन्हा लावला. एक किलो. तो भिंतीपाशी गेला. बारा. चार. त्याखाली त्याने खडू टेकवला, पण लिहिलं काहीच नाही.

मला त्याची पाठ दिसत होती. ती पाठ मी वीस वर्षं बघत होते, पण अशी कधी पाहिली नव्हती.

तो वळला, ताईसमोर आला आणि त्याने उजव्या हाताची दोन बोटं पुढे केली. "ताई, दाब."

"काय चाललंय तुझं? चहा आण जा."

"दाब ना. जोरात."

ताईने त्याच्या बोटांभोवती मूठ मिटली. जेवढी मिटली तेवढी. तिच्या मानेची शीर ताठ झाली, ओठ आत ओढले गेले. पक्कडने आपली बोटं हळूच मागे घेतली आणि ती तिच्या मुठीतून अलगद निघाली. त्याच मुठीने तिने सायकलीचा चिमटा सरळ केला होता.

"कधीपासून?" तो म्हणाला.

"मला काय माहीत? मला वाटलं गाडीतच असेल." मग ती म्हणाली, "आधी तसंच वाटलं. नंतर वाटलं की तू करशील दुरुस्त. तू काहीतरी करायचास आणि बरं वाटायचं रे. दवाखान्यात जाऊन हात दाखवून अवलक्षण कशाला?"

पक्कड तिथेच टायरवर बसला. इंजिन चालूच होतं. ते शेवटी मी बंद केलं.

मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरीण वयाने लहान होती, पण बोलली सरळ. स्नायूंपर्यंत मेंदूचा हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत, म्हणाली. हातांपासून सुरुवात झाली आहे, पुढे पाय, बोलणं, गिळणं, श्वास. यावर औषध नाही. मग तिने विचारलं की हे कधीपासून आहे. लोक साधारण वर्ष, दीड वर्ष असं काहीतरी सांगतात. पक्कडने खिशातून कागद काढला. भिंतीवरचं सगळं उतरवून आणलं होतं. हवा, ग्रीस, बॉल जॉइंट, अलाइनमेंट, रॅक, पॉवर स्टिअरिंग, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. प्रत्येकासमोर तारीख. डॉक्टरीण बराच वेळ कागद बघत राहिली. "इतकी नेमकी नोंद मी आजवर पाहिली नाही," म्हणाली.

"लवकर आणलं असतं तर?" पक्कडने विचारलं.

तिने समजावून सांगितलं की तसा फारसा फरक पडला नसता. मी तिथे होते, मी माझ्या कानांनी ऐकलं. पण पक्कडने त्या वाक्यातला 'फारसा' तेवढा उचलला आणि घरी आणला. पक्कडच तो. दातांत धरलेलं सोडणार कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी कटिंग मशीनचा कर्कश आवाज ऐकून मी धावले. तो नाकतोड्याच्या स्टिअरिंगचा दांडा कापायला बसला होता. "हे मी बसवलं नसतं तर वर्षापूर्वीच कळलं असतं," तो ओरडला. "वर्षभर मी तिचं दुखणं झाकत होतो! एकेक आकडा वाढवून झाकत होतो!"

मी बटण बंद केलं आणि त्याला गाढव म्हणाले. अजून बरंच काही म्हणाले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात मागून ताई आली. तिने बग्गीच्या नळीवर हात टेकला.

"त्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "तू हे लावलं नसतंस तर मी त्याच महिन्यात घरी बसले असते. वर्षभर वर गेले मी. तुझ्यामुळे गेले."

"मी झाकलं, ताई."

"झाकलंस तर झाकलंस. थंडीत पांघरूण घालतोच की माणूस."

त्याने मशीन खाली ठेवलं. पण त्याला पटलं नाही. मी त्याचं तोंड बघितलं ना. त्या दिवसापासून त्याच्या मनात एकच गोष्ट अडकून राहिली: आपण बहिणीला एक वर्ष दिलं, की तिचं एक वर्ष खाल्लं? ताई त्याला रोज सांगायची की दिलंस. तो मान हलवायचा आणि तिच्या अंगावरची शाल सारखी करायचा.

बग्गीच्या किल्ल्या ताईने स्वतःहून परत केल्या. "चार लोकांचा जीव असतो माझ्या मागे," म्हणाली. पवनचक्कीवाले तिला निरोप द्यायला आले तेव्हा त्यांच्यातला एक दाढीवाला मोठा माणूस गॅरेजबाहेर जाऊन रडला.

पक्कडने गॅरेजच्या मागच्या खोलीत तिची खाट आणली, म्हणजे काम करताना हाकेच्या अंतरावर. चमच्याचा दांडा त्याने नळीचा तुकडा घालून जाड केला. तो धरता येईना, तेव्हा मनगटाला बांधायचा पट्टा केला. तो पट्टा मी शिवला. मग भरवायला लागला. ती म्हणायची, "तुला मी असं भरवलं तेव्हा तू थुंकायचास." तो हसायचा.

एका सकाळी ती म्हणाली, "मला एकदा वर ने." जीभ तेव्हा जड झाली होती, शब्द लोळायचे, पण आम्हा दोघांना कळायचं. "चालवणार मी."

मी म्हटलं, काय वेडी का खुळी? पण पक्कड उठला. त्याने नाकतोड्याच्या चारी चाकांची हवा पाहिली, पाणी पाहिलं, नॉब दहावर आहे हे पाहिलं. तिला उचलून चालवणाऱ्याच्या सीटवर बसवलं आणि पट्ट्याने बांधलं. पाय अजून थोडे ऐकत होते. गिअर पहिल्यात टाकायचं आणि शेजारून पाय लांब करून क्लच सांभाळायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं, म्हणजे तिला फक्त एक पाय दाबायला लागणार होता. मग त्याने तिचे दोन्ही हात उचलून स्टिअरिंगवर ठेवले. ते घरंगळले. पुन्हा ठेवले. माझ्या पिशवीतल्या मऊ चामड्याच्या पट्टीने त्याने ते सैलसर बांधले. आणि बांधून झाल्यावर एकेक अंगठा धरून वर काढला.

"अंगठे बाहेर," तो म्हणाला. ताईने डोळे मिचकावले.

तो शेजारी बसला, मी मागे. ताईने पाय दाबला आणि नाकतोडा हलला. पक्कडने बाजूने एक हात लांब करून चाकाच्या खालच्या कडेला धरला होता. दहावरचं स्टिअरिंग, दोन बोटांनी फिरत होतं. दगड आले की तो वळवायचा आणि ताईचे हात त्याच्याबरोबर फिरायचे. चालवत कोण होतं हे मला मागून दिसत होतं, त्याला तर माहीतच होतं, आणि ताईलाही. ती समोर बघत होती. तिच्या नेहमीच्या वळणांवर तिची मान आधीच त्या बाजूला कलत होती, वाट तिला अशी पाठ होती. पहिली पवनचक्की आली. तिथे वारा असा होता की माझा पदर तोंडावर आला.

"बाळ," ताई म्हणाली.

"काय गं? जड होतंय?"

ताईने शब्द जमवायला वेळ घेतला. "हलकं झालंय रे," ती म्हणाली. "एकदम हलकं. छान केलंस."

दीड वर्ष हा माणूस या एका शब्दासाठी गाडीखाली लोळत होता. त्याने चाक सोडलं नाही, पण त्याचे खांदे हलायला लागले. मी मागच्या सीटवर तोंडात पदर कोंबून बसले. खाली आल्यावर त्याने भिंतीवर तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं, 'हलकं'. त्याखाली आजवर काही लिहिलेलं नाही.

ताई तीन महिन्यांनी गेली, भर सकाळी, गॅरेज उघडं असताना. त्याने तिच्या हाताची बोटं आपल्या बोटांभोवती मिटून धरली होती. किती वेळ धरली होती ते मी मोजलं नाही.

नाकतोडा मागच्या शेडमध्ये आहे. पक्कड तो चालवत नाही आणि विकतही नाही. बाकी तो पहिल्यासारखाच आहे, हातोड्या मारतो, माझी रिळं नाचवतो. एक खोड मात्र नवी लागली आहे. सकाळी दुकान उघडलं की माझ्या दारात येतो आणि दोन बोटं पुढे करतो. "वहिनी, दाबा." मी शिव्या देत देत दाबते, चांगली नखं रुतवून दाबते, कारण मला माहीत आहे त्याला काय हवं असतं. "बरंय," म्हणतो आणि जातो.

गिऱ्हाइकांनाही सोडत नाही. काल दुधाची गाडी चालवणारा एक दणकट माणूस आला होता. "मिस्त्री, स्टिअरिंग जड झालंय हो."

पूर्वी पक्कड सरळ बॉनेट उघडायला गेला असता. आता त्याने फडक्याला हात पुसले आणि दोन बोटं त्या माणसासमोर धरली. "दाबा."

"अं? काय?"

"दाबा हो. सगळा जोर लावून. हं, आता दुसऱ्या हाताने."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी मान डोलावली. मग त्याने असं दाबलं की पक्कड कळवळला आणि बोटं झटकत मागे सरकला. त्याच्या तोंडावर असं हसू आलं, जणू घरातलं बाळंतपण सुखरूप झाल्याचं कुणी येऊन सांगितलंय.

"चला," तो म्हणाला, "खोट गाडीतच आहे." आणि जॅक ओढत गाडीखाली गेला.